पहिल्या क्रमांकाचा परवाना

गोंदियाहून दहा-बारा किलोमीटरवर कामठा परिसरात बिरसी नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४० साली इंग्रजांनी तिथे धावपट्टी बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले आणि ती धावपट्टी धानाच्या बांध्यांशेजारी वर्षानुवर्षे जवळजवळ रिकामी राहिली. २००५ च्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. पुढे तिथे वैमानिक घडविणारी संस्था उभी राहिली आणि आमच्या आकाशात छोट्या विमानांची घरघर सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमान आले. काही महिन्यांतच ते बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादकडे जाणारी सेवा नव्याने सुरू झाली. म्हणजे ज्या धावपट्टीवर दोघांचे शिकाऊ विमान उतरते, तिच्यावरच पाऊणशे प्रवाशांचे विमानही उतरू लागले. लहान-थोर एकाच पंगतीला बसले!

या पंगतीचे काही नियम आहेत. मोठे विमान उतरताना त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात आणि मागे हळूहळू खाली बसत राहतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण मागून येणारे छोटे विमान त्यात सापडले, तर पालथे होण्याची भीती असते. म्हणून छोट्याने काही मिनिटे थांबायचे, मोठ्याच्या मार्गाच्या वरून यायचे आणि त्याची चाके जिथे टेकली त्याच्या पुढे आपली चाके टेकायची. शिवाय वेगाचा प्रश्न असतोच. मोठे जेट ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने उतरायला येते, छोटे त्याच्या निम्म्याने. बैलगाडी आणि एक्सप्रेस एकाच रुळावर सोडण्यासारखाच हा प्रकार. मुंबईसारख्या ठिकाणी ही गर्दी इतकी वाढली की २०२४ च्या आरंभी खासगी विमानांना वर्दळीच्या वेळी तिथे येण्याजाण्यावर आणखी निर्बंध घालावे लागले.

हे सारे वाचताना माझ्या मनात एकच माणूस येतो. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जेआरडी. आज त्यांना आपण उद्योगपती म्हणून ओळखतो. पण छोटे विमान घेऊन मोठ्या विमानतळावर उतरणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहिले, तर त्यांचे आयुष्य वेगळेच दिसू लागते.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई सुझान फ्रेंच, वडील आर. डी. टाटा पारशी. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्देलो या गावी जात असे. तिथेच लुई ब्लेरियो यांचेही घर होते. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे, ते हे ब्लेरियो. तिथल्या वाळूवर विमाने उतरत आणि लहानगा जहांगीर ती डोळे भरून पाही. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला विमानातून एक फेरी मारायला मिळाली आणि पुढच्या आयुष्याचा निकाल तिथेच लागला.

पण मधे दहा वर्षे गेली. १९२८ मध्ये मुंबईत जुहूला फ्लाइंग क्लब निघाला, तेव्हा कुठे शिकण्याची सोय झाली. शिक्षकाबरोबर जेमतेम पावणेचार तास उडून जेआरडी एकट्याने आकाशात गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिल्या क्रमांकाचा परवाना. पुढे त्यांना असंख्य मानसन्मान मिळाले, १९९२ मध्ये भारतरत्नही मिळाले. तरी या लहानशा परवान्याची सर कशालाच नव्हती असे म्हणतात, आणि ते खोटे वाटत नाही.

१९२९ मध्ये आगाखान यांनी एक पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हे अंतर एकट्याने विमानातून कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनीअर नावाचा कोवळा तरुण समोरून, इंग्लंडहून येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींच्या विमानाचा स्पार्क प्लग निकामी झाला होता आणि ते अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग काढून दिला. अस्पी वेळेत कराचीला पोहोचले आणि बक्षीसही त्यांनाच मिळाले. हेच अस्पी पुढे १९६० मध्ये भारताचे हवाईदलप्रमुख झाले. स्पर्धा हरून जेआरडींनी काय मिळविले, हा प्रश्न हिशेबी मनाला पडतो. पण विमानविद्येत दुसऱ्याची अडचण ती आपलीच अडचण असते. आज प्लग देणारा उद्या स्वतः वाळवंटात बसलेला असू शकतो.

माझी सारी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे यापुढचा भाग मला फार जवळचा वाटतो. आमच्या उमेदीच्या काळात पैसा कागदावर चाले. एका शाखेने दुसरीला टपालाने कळवायचे, मग तिकडे रक्कम खात्यात जमा व्हायची. पत्राला जितके दिवस लागत, तितके दिवस पैसा कोणाच्याच कामाचा नसे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने टपालाचा एक दिवस म्हणजे एका दिवसाचे व्याज. १९३० च्या सुमारास लंडनहून इंपीरियल एअरवेजचे विमान टपाल घेऊन कराचीपर्यंत येत असे. तिथून पुढे ते आगगाडीने रखडत जाई. ही तूट भरून काढावी, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने जेआरडींपुढे मांडली. सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते, पण अखेर त्यांनी होकार दिला. भांडवल सुमारे दोन लाख रुपये. सरकारने अनुदान नाकारले. जितके टपाल न्याल तितकेच पैसे, असा करार झाला. बँकेत असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो दोनदा वाचला असता!

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीचा ड्रिग रोड विमानतळ. तिथे अवाढव्य हवाई जहाजांसाठी बांधलेली प्रचंड शेड उभी होती. मात्र ज्या जहाजासाठी ती बांधली, ते आर-१०१ दोन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कोसळून जळाले होते. त्याच तळावरून सकाळी साडेसहाच्या सुमारास एका इंजिनाचे चिमुकले पस मॉथ विमान टपालाच्या थैल्या घेऊन उडाले. चालक स्वतः जेआरडी. रेडिओ नाही, वाट दाखविणारी कोणतीही यंत्रणा नाही. अहमदाबादला पेट्रोल आले ते बैलगाडीतून. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. भारतातील नागरी विमानवाहतुकीचा खरा आरंभ तो हा.

जुहूचा तळ म्हणजे खाजणातली जमीन. भरतीचे आणि पावसाचे पाणी आले की धावपट्टी पाण्याखाली. मग पावसाळ्यात सारा कारभार पुण्याला न्यायचा. कचेरी म्हणजे एक गवती छपराची झोपडी. तरीही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या विमानांनी १ लाख ६० हजार मैल अंतर कापले, १५५ प्रवासी आणि १० टनांहून अधिक टपाल वाहिले, आणि वक्तशीरपणाबद्दल सरकारी खात्याची शाबासकी मिळविली. सह्याद्रीवरच्या पावसात एका इंजिनाच्या विमानाने वेळ पाळायची, ही गोष्ट सोपी नव्हे.

त्या झोपडीतून एअर इंडिया उभी राहिली. १९४६ मध्ये ती सार्वजनिक कंपनी झाली. ८ जून १९४८ रोजी तिचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९५३ मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते पटले नव्हते, पण अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि ते बिनपगारी सांभाळले. प्रवासात ते स्वतः चिटोऱ्यावर टिपणे करीत. पडद्याचा रंग, चहाची चव, स्वच्छतागृहाची अवस्था; काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मला वाटते, ही सवय छोट्या विमानाची आहे. तिथे सगळे एकट्यानेच तपासायचे असते. चुकलेला एक खिळा दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाही.

विदर्भाचाही या कथेत वाटा आहे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांची ही योजना. जेआरडींचा तिला विरोध होता. रात्री उतरण्याच्या पुरेशा सोयी नाहीत आणि खर्चही झेपणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. किडवाईंनी ती रेटली, ती लोकप्रिय झाली आणि बरीच वर्षे चालली. इथे जेआरडींचा अंदाज चुकला असे म्हणावे लागेल. पण डिसेंबर १९५३ मध्ये रात्रीच्या टपालसेवेचे एक डाकोटा नागपूरहून उडताच कोसळले आणि १३ जणांचे प्राण गेले, हेही विसरता येत नाही. घाई आणि सावधगिरी यांचा हा जुना झगडा एका बाजूने कधीच सुटत नाही.

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो जेट वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण दगावले. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई यांच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. ४५ वर्षांचे नाते असे संपले. दोन वर्षांनी इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले, पण अध्यक्षपद मात्र परत मिळाले नाही.

या माणसाने पुढे जे केले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. १९६२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला ३० वर्षे झाली तेव्हा, ते कराची-मुंबई हा प्रवास जुन्या विमानातून पुन्हा करून आले होते. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तो तिसऱ्यांदा केला. विमान लेपर्ड मॉथ, एका इंजिनाचे. १९३२ मध्ये कराची आणि अहमदाबादला आकाश मोकळे होते. आता तिथे जेट विमाने येत-जात होती. ज्याने देशाला जंबो जेट दिले, तो म्हातारा चिमुकल्या विमानात बसून त्या जेटांमध्ये आपली पाळी येण्याची वाट पाहणार, सांगितले तसे वळणार, थांबणार आणि उतरणार! नव्या पिढीत उड्डाणाची उमेद जागवावी, एवढाच त्यांचा हेतू होता. जुहूला ते सुखरूप उतरले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले; पॅरिसमध्ये त्यांचे दफन झाले. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, ते पाहायला ते नव्हते.

आता थोडे आपल्या घरचे बोलतो. वैमानिकाच्या शिक्षणाला आज काही लाख नव्हे, तर पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक खर्च येतो. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात दूरच्या, अनोळखी विमानतळांवर उतरून दाखवावे लागते. गोंदियाच्या आसपासचे मोठे विमानतळ म्हणजे नागपूर आणि रायपूर. विशीतला मुलगा किंवा मुलगी एकट्याने तिथल्या मोठ्या विमानांच्या रांगेत शिरते, तेव्हा मागे कुठे तरी बापाची शेती गहाण पडलेली असते. निवृत्तीनंतरही लोक कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. हप्ता किती, तारण काय, नोकरीची हमी आहे का, हे सारे विचारतात आणि ते विचारायलाच हवे.

पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. हवा बिघडली, मन साशंक झाले, तर परत फिरण्याची मोकळीक या पोराला आहे का? मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेले एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगरात कोसळले. शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघांचेही प्राण गेले. त्या अपघाताच्या कारणाविषयी मी बोलत नाही, तो माझा अधिकार नाही. मी सांगतो ते घरातल्या माणसांपुरते. प्रत्येक तासाचे पैसे मोजले आहेत, असे ज्या मुलाला सतत ऐकविले जाते, त्याला परत फिरणे महाग वाटू लागते. आणि आकाशात परत फिरणे कधीही महाग नसते.

जेआरडींकडे पैसा होता, हे खरे. त्यांच्यासारखी परिस्थिती आपल्या मुलांना देता येणार नाही. पण ज्या शिस्तीने ते त्या जेटांच्या रांगेत थांबले, ती शिस्त विकत घ्यावी लागत नाही. आपण लहान आहोत हे ओळखणे आणि तरीही आपली पाळी आली की न डगमगता उतरणे. तेव्हा कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी आई-वडिलांनी मुलाला एवढे एकच सांगावे, की तू उशिरा ये, दुसऱ्या दिवशी ये, अर्धवट सोडून ये. हप्त्याचे आम्ही पाहून घेऊ.