सर जमशेटजी जीजीभाई आणि मुंबईचा पांजरपोळ

कुत्र्याचे पिल्लू हौसेने घरी आणणारे लोक उमरीच्या आसपासच्या खेड्यांत पुष्कळ आहेत. परंतु तेच कुत्रे खरजेने भरले, किंवा दावणीचा बैल नांगरास निरुपयोगी झाला, म्हणजे त्याचे पुढे काय, याचा विचार करणारे थोडे. सुमारे १९० वर्षांपूर्वी हाच प्रश्न मुंबई शहरापुढे उभा राहिला. तो सोडविण्यास जे गृहस्थ पुढे आले, त्यांत सर जमशेटजी जीजीभाई हे प्रमुख होते.

जमशेटजींचा जन्म इ. स. १७८३ मध्ये एका गरीब पारशी कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षी आईबापांचे छत्र हरपले. तेव्हा ते आपल्या मामांच्या हाताखाली रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यास लागले, आणि त्यावरून त्यांस बाटलीवाला हे नाव पडले. शिक्षण बेताचे, पण उद्योग अखंड. व्यापारानिमित्त त्यांनी चीन देशाच्या पाच सफरी केल्या. १८०५ साली फ्रेंचांनी त्यांचे जहाज पकडले, तेव्हा जवळचे सर्व काही गमावून त्यांस परत यावे लागले. पुढे कापूस व अफू यांच्या व्यापारात त्यांस अमाप संपत्ती लाभली. त्या अफूने चीनमधील असंख्य घरे धुळीस मिळविली, ही गोष्ट त्यांचे चरित्र सांगताना झाकून ठेवणे योग्य नव्हे.

१८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस शिपायांनी बक्षिसाच्या लोभाने रस्त्यांवरील कुत्री मारण्याचा सपाटा लाविला. बेवारस कोणते व धन्याचे कोणते, हा भेदही राहिला नाही. पारशी लोक कुत्र्यास पवित्र मानीत असल्यामुळे ते खवळले, दुकाने बंद पडली, दंगा झाला, आणि फौज बोलवावी लागली. तेव्हा शहरातील प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी मध्यस्थी केली.

परंतु दंगा शमला म्हणून कुत्र्यांची सोय झाली असे नव्हे. हे ओळखून जमशेटजी, शेठ मोतीशा व इतर व्यापारी यांनी १८३४ साली पांजरपोळ स्थापिला. भटकी कुत्री, लंगडी गुरे व थकलेले बैल यांस तेथे आसरा मिळू लागला. एकदा देणगी देऊन ही मंडळी स्वस्थ बसली नाहीत. मुक्या जनावरास रोज चारापाणी लागते, म्हणून व्यापाराच्या मालावर लाग बसवून त्यांनी कायमचे उत्पन्न लावून दिले. भुलेश्वराजवळचा तो पांजरपोळ आजही चालू आहे.

जमशेटजींच्या देणगीतून मुंबईचे मोठे रुग्णालय उभे राहिले. त्यांच्या पत्नी अवाबाई यांनी माहीमच्या पुलासाठी १,५७,००० रुपये दिले. १८४२ मध्ये त्यांस सर ही पदवी मिळाली. ती मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. १८५९ च्या एप्रिलमध्ये त्यांचा अंत झाला.

वाचकहो, पांजरपोळ हा बेवारस जनावराचा शेवटचा आसरा आहे. धन्याने आपले ओझे टाकण्याची ती जागा नव्हे. पिल्लू घरी आणणारा त्याच्या म्हातारपणाचाही पत्कर घेतो. त्यास वेळेवर अन्नपाणी द्यावे, दरवर्षी पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी, आणि नको असलेली वीण होऊ देऊ नये. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे. आपल्या अंगणातील एका जीवाची काळजी शेवटपर्यंत वाहण्यास जमशेटजींची संपत्ती लागत नाही.