नववीतली वहिनी आणि केशवराव दाते

नववीच्या गॅदरिंगला मी वहिनी झालो होतो, हे तुम्ही कुणी विसरू दिलेलं नाही. तेव्हा मुली मुलांबरोबर नाटकात नसत. नाटक रंगलं, टाळ्या पडल्या; पण दुसऱ्या दिवसापासून कॅम्प दोनच्या बॅरेकीपासून शाळेच्या फाटकापर्यंत तीच हाक मागे लागली. दहावीत मी नाव दिलंच नाही. तेव्हा मराठीच्या बाईंनी थांबवून घेतलं आणि केशवराव दात्यांबद्दल सांगितलं.

केशवरावांचा जन्म १८८९चा. महाराष्ट्र नाटक मंडळीत उमेदवारीच्या काळात त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. पुढे तेच नायक झाले. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, त्यातही ते होते. गंमत अशी, की या नाटकात बायकांची कामं बायकांनीच केली. लुगडं नेसून सुरुवात केलेल्या माणसाला काय वाटलं असेल!

पुढच्याच वर्षी ते 'प्रभात'च्या 'अमृतमंथन'मध्ये क्रूर राजगुरू झाले. नंतर 'शेजारी'तला जिवबा पाटील, 'झनक झनक पायल बाजे'तला नृत्यगुरू. पण माझ्या मनात बसले ते १९३७च्या 'कुंकू'तले काकासाहेब.

दूरदर्शनवर तो चित्रपट लागला तेव्हा आमच्या अख्ख्या बॅरेकीत टीव्ही एकच. तिथं दाटीवाटीत बसून पाहिला. आरशासमोर मिशांना कलप लावणारा तो म्हातारा नवरा पाहून आधी सगळे हसले. मीही. कोवळ्या मुलीला फसवून आणलेला माणूस, त्याची कीव कशाला करायची? शेवटाकडे मात्र तो स्वतःचा अपराध ओळखतो, तिला मोकळं करायला जीव देतो, तेव्हा खोलीत कुणी बोलेना. शांता आपट्यांची नीरा भांडते ते पटतंच. पण जो चुकला त्याच्यासाठीही डोळे भरून यावेत, हे केशवरावांचं काम. त्या रात्री मला बाईंचं बोलणं उमगलं. उशीर झाला होता. शाळा सुटली होती.

केशवराव १९७१ साली गेले. मी पुन्हा रंगमंचावर गेलो नाही.

यंदाच्या संमेलनात नाटुकलं बसतंय आणि मला आजोबांचं काम आलंय. होकार कळवला आहे. मिशा आहेत तशाच पांढऱ्या ठेवणार, एवढी एकच अट घातली.