बिअरवाल्याचा थर्मामीटर

ज्यूल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फर्स्ट इयरचं फिजिक्स, 4.186 हा आकडा आणि व्हायवात हमखास येणारा युनिटचा प्रश्न. पण हे युनिट ज्याच्या नावाचं आहे तो जेम्स प्रेस्कॉट ज्यूल होता तरी कोण, असं विचारलं की भल्याभल्यांची विकेट पडते. प्रोफेसर? नाही. इंजिनिअर? तेही नाही. तो एका बिअर बनवणाऱ्याचा मुलगा होता आणि उमेदीची वर्षं त्याने स्वतःही ब्रुअरीच सांभाळली. (रेक्टर सरांनी घाबरू नये, लेख शेवटपर्यंत सायन्सचाच आहे!)

ज्यूलचा जन्म 24 डिसेंबर 1818 चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा. वडिलांची मोठी ब्रुअरी, घरात पैशाला तोटा नाही. मुलगा मात्र तब्येतीने नाजूक आणि अतिशय लाजाळू, म्हणून शिक्षण घरीच. 1834 मध्ये त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला जॉन डाल्टनकडे शिकायला पाठवलं. हो, तोच अणुसिद्धान्तवाला डाल्टन! त्याने दोन वर्षं अंकगणित आणि भूमिती घोटून घेतली. पुढे डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी थांबली. ज्यूल कॉलेजात कधी गेलाच नाही. डिग्री नाही, गाइड नाही. होती ती फक्त ब्रुअरी.

आता ब्रुअरीत असं काय शिकायला मिळतं? हे समजायला आजची बिअर-किट बघा. परदेशात घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी दोन प्रकारची किट मिळतात. (इंग्लंडमध्ये 1963 पर्यंत त्यालाही लायसन्स लागायचं.) पहिल्या प्रकारात माल्टचा तयार अर्क असतो, काकवीसारखा घट्ट. तो पाण्यात मिसळा, हॉप्सची फुलं घालून उकळा, गार करा, यीस्ट टाका, झालं. दुसऱ्या प्रकारात नुसतं धान्य येतं. आपल्याकडे नाचणीला मोड आणून वाळवतात ना, तसं मोड आणून वाळवलेलं आणि भरडलेलं जव. ते साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. इथेच खरी परीक्षा आहे. तापमान थोडं खाली राहिलं तर बिअर पातळ आणि कोरडी होते, थोडं वर गेलं तर दाट आणि गोडसर. फारच वर गेलं तर एन्झाइम्सच मरतात आणि अख्खा घाणा वाया. अर्काच्या किटमध्ये हे काम दुसऱ्याने आधीच केलेलं असतं. धान्याच्या किटमध्ये मात्र तुम्ही आणि तुमचा थर्मामीटर!

ज्यूलची ब्रुअरी म्हणजे हाच धान्याचा प्रकार, फक्त प्रचंड मापाचा. थर्मामीटर बघणं हे तिथलं रोजचं काम. त्याच्या प्रयोगांतली अचूकता ब्रुअरीच्या या सवयीतून आली, असं काही इतिहासकार मानतात. मला तरी ते पूर्ण पटतं.

त्याच्या संशोधनाची सुरुवात पक्की धंदेवाईक होती. 1838 च्या सुमारास इलेक्ट्रिक मोटर ही नवलाची गोष्ट होती. वाफेच्या इंजिनाऐवजी मोटर वापरली तर स्वस्त पडेल का, हे त्याला बघायचं होतं. हिशेब केला तर उलटंच निघालं. बॅटरीत जळणारं जस्त कोळशापेक्षा फार महाग पडत होतं. मोटरचा नाद सुटला, पण तारा गरम का होतात हा प्रश्न डोक्यात राहिला. त्यातून 1840 मध्ये आपला I²R चा नियम निघाला. तेव्हा ज्यूल जेमतेम बावीस वर्षांचा होता.

त्या काळी उष्णता हा एक प्रकारचा द्रव आहे, तो निर्माण होत नाही, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानत. ज्यूल म्हणत होता की काम खर्च केलं की उष्णता तयार होते, आणि तिचं प्रमाण ठरलेलं आहे. जर्मनीत मायरनेही 1842 मध्ये असाच विचार मांडला होता. ज्यूलने पुढची वर्षं ते प्रमाण मोजण्यात घालवली. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती फूट-पौंड काम लागतं? 1843 मध्ये त्याचं उत्तर आलं 838. कॉर्कच्या सभेत त्याने ते वाचलं. कुणी फारशी दखल घेतली नाही.

मग आला पॅडल-व्हीलचा प्रसिद्ध प्रयोग. पुस्तकातल्या आकृतीत तो फार सोपा दिसतो: वजन खाली येतं, पाती फिरतात, पाणी तापतं. पण किती तापतं? 1850 च्या पेपरमध्ये सुमारे 29 पौंडांची दोन वजनं साधारण 63 इंच खाली यायची, असं वीस वेळा. एवढं करून पाणी तापायचं अर्ध्या अंश फॅरनहाइटपेक्षा जरासं जास्त! त्यासाठी मँचेस्टरच्या डान्सर नावाच्या कारागिराचे खास थर्मामीटर होते. अंशाचा दोनशेवा भाग वाचता येतो, असं ज्यूल सांगायचा, आणि अनेकांचा नेमका यावरच विश्वास बसत नव्हता. तापमान स्थिर राहावं म्हणून प्रयोग तळघरात केला. स्वतःच्या अंगाच्या उष्णतेने रीडिंग बिघडू नये म्हणून मध्ये मोठा लाकडी पडदा उभा केला. मला सगळ्यात जास्त हा पडदा आवडतो. चूक आपल्याकडूनही होऊ शकते हे त्याने आधीच धरलं होतं.

1847 मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत तेविशीतल्या विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, त्याचं ऐकलं आणि चक्र फिरलं. पुढे दोघांनी मिळून ज्यूल-थॉमसन परिणाम शोधला, वायूंचं द्रवीकरण त्यावरच उभं राहिलं. 1850 मध्ये ज्यूल रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

घरी मात्र दैव फिरलं. 1854 मध्ये पत्नी अमेलिया वारली, दोन लहान मुलं मागे राहिली. त्याच वर्षी ब्रुअरीही विकली गेली. उतारवयात पैसा आटला. 1878 पासून सरकारने वर्षाला 200 पौंड पेन्शन दिली. त्याच वर्षी त्याने तोच आकडा पुन्हा मोजला, साठीला टेकलेला असताना!

31 ऑगस्ट 1889 ला पॅरिसच्या इलेक्ट्रिकल काँग्रेसने ज्यूल हे युनिट मान्य केलं. 11 ऑक्टोबरला तो गेला. सेल गावातल्या त्याच्या थडग्यावर एक आकडा कोरलाय: 772.55.

आज आपण 778 मानतो, म्हणजे फरक एका टक्क्याच्याही आत. 838, मग 782, मग 772. प्रत्येक आकडा त्याने छापून लोकांसमोर ठेवला. आपल्याला लॅबमध्ये 4.186 आधीच माहीत असतं, म्हणून रीडिंग तिकडे ढकलायचा मोह होतो. ज्यूलकडे मागच्या बॅचचं जर्नल नव्हतं, उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. होता फक्त थर्मामीटर, आणि तो जे दाखवेल तेच लिहायची ब्रुअरीतली सवय. कारण माल्टच्या पिंपाला थाप मारता येत नाही, बिअर बिघडतेच.