रोरी गॅलाहरची गिटार

आयर्लंडचा ब्लूजवादक रोरी गॅलाहर १९४८ साली जन्मला. १९६३ साली, पंधराव्या वर्षी, त्याने कॉर्क शहरातून सुमारे १०० पौंडांची जुनी फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार हप्त्यांनी घेतली. ती एकदा चोरीस जाऊन परत मिळाली. तिचा रंग उडाला, रोरीचे नाव झाले. तरी त्याने ती विकली नाही. १९९५ साली तो वारला. धाकट्या भावाने, डोनलने, ती जपली आणि २०२४ साली लिलावात काढली. आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यासाठी ती ८,८९,४०० पौंडांना घेतली गेली.

हप्ते फेडताना घराची कशी ओढाताण होते, हे मी पाहिले आहे. म्हणून रोरीने ती न विकणे मला पटते. आणि भावाने विकणेही. वाजवणारा हात गेल्यावर असे वाद्य एकाच घराचे राहत नाही.