चरीचा संप सहा वर्षे टिकला कसा? जाणून घ्या नारायण नागू पाटील यांचा लढा

डोलवी, वडखळ, पेण पट्ट्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, सातबाऱ्यावर नाव कोणाचे? या कागदावर कसणाऱ्याचे नाव यावे म्हणून शेजारच्या अलिबाग तालुक्यात शेतकऱ्यांनी सहा वर्षे नांगर खाली ठेवला होता. त्यांचे नेते होते नारायण नागू पाटील.

खोती म्हणजे काय?

खोत सरकारसाठी गावचा सारा वसूल करी. कुळाने पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा त्याच्याकडे जाई, शिवाय वेठ आणि अबवाब वेगळे. कुळाचे नाव कागदावर नसे, त्यामुळे जमीन कधीही काढून घेता येई.

संघटना कशी उभी राहिली?

आगरी शेतकरी कुटुंबातील पाटील यांनी गावोगाव सभा घेऊन कुलाबा जिल्ह्यात शेतकरी संघ बांधला. डिसेंबर 1930 मध्ये पेण तालुक्यात परिषद झाली. सोबत अनंतराव चित्रे होते. पुढे सरकारने संघाच्या सभांवर बंदी घातली. सत्तेला अशा मंडळांची धास्ती सगळीकडेच वाटते. अमेरिकेत 1793 पासून निघालेल्या लोकशाहीवादी मंडळांवर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी 1794 मध्ये जाहीर टीका केली आणि ती मंडळे काही वर्षांतच ओसरली. कुलाब्यातला संघ मात्र टिकला, कारण इथे प्रश्न प्रत्येक घरच्या पोटाचा होता.

संपात काय घडले?

27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी येथे 25 गावांच्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचे ठरवले. पीक नाही म्हणजे खोताचा वाटा नाही, पण घरात भातही नाही. लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. 1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या परिषदेला आले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी पाटील यांनी 'कृषीवल' सुरू केले. जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी विधिमंडळावर धडकले.

हाती काय लागले?

1939 मध्ये संप मिटला. त्याच वर्षीच्या कायद्याने कुळांना संरक्षण देण्यास सुरुवात झाली. त्यानंतर 1948 चा कूळकायदा आणि 1949 चा खोती निर्मूलन कायदा आला. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कुळांना मालकीची वाट खुली झाली.

पाटील यांचे मोठे काम म्हणजे उपाशी माणसांना सहा हंगाम एकत्र ठेवणे. तुमच्या घरच्या जुन्या फेरफारात कूळ म्हणून आजोबा-पणजोबांची नोंद असेल, तर ती जपून ठेवा. तिच्यामागे हा लढा आहे.