विश्लेषण : इन्शुलिन नव्हते तेव्हा लोकमान्यांनी साखर कशी सांभाळली?

लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गावी जाणारा, हार्बरवर टिळकनगरला उतरणारा किंवा शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभा राहणारा उपनगरी मुंबईकर हे नाव रोज घेतो. याच घाटकोपर-मुलुंडच्या कितीतरी घरांत सकाळी चहाआधी बोटाला टोचून साखर तपासली जाते. टिळकही मधुमेही होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आयुष्याची शेवटची किमान बारा वर्षे त्यांनी हा आजार अंगावर वागवला. त्यातली सहा तुरुंगात गेली, आणि त्या काळात इन्शुलिन हे औषध जगात कुठेच उपलब्ध नव्हते.

तालमीत घालवलेले वर्ष

२३ जुलै १८५६ रोजी जन्मलेले टिळक लहानपणी प्रकृतीने किरकोळ होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम, पोहणे आणि खुराक यांतच घालवले. वर्ष वाया गेले असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते तसे नव्हते. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा हिस्सा स्नायू उचलतात. काम करणारा स्नायू तर इन्शुलिनची फारशी वाट न पाहताही साखर आत ओढतो. अर्थात विशीतली तालीम पन्नाशीपर्यंत पुरत नाही. पुढची तीन दशके ‘केसरी’, सभा, खटले आणि जागरणे यांत गेली.

साखर वाढली हे शरीराला कळते कसे?

निरोगी प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात उपाशीपोटी जेमतेम चमचाभर, म्हणजे पाचेक ग्रॅम साखर असते. ती फार वाढली तरी धोका, फार घटली तर मेंदूच अडचणीत येतो. म्हणून शरीर तिच्यावर सतत नजर ठेवते. ही नजर प्रामुख्याने स्वादुपिंडातल्या बीटा पेशींची. साखर या पेशीत शिरते आणि तिथेच जाळली जाते. त्यातून ऊर्जा वाढली की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारे बंद होतात, कॅल्शियमची उघडतात आणि साठवलेले इन्शुलिन रक्तात सुटते. थोडक्यात, ही पेशी साखर स्वतः खाऊन मोजते. इन्शुलिनच्या सांगण्यावरून स्नायू आणि चरबी साखर आत घेतात, यकृत ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. उपासात शेजारच्याच अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात आणि यकृत तो साठा मोकळा करू लागते. एकादशीला बहुतेकांना भोवळ येत नाही ती यामुळे.

मधुमेहात हा व्यवहार दोन तऱ्हांनी बिघडतो. एकात बीटा पेशीच नष्ट होतात. इन्शुलिनपूर्व काळात असे रुग्ण, त्यात बरीच मुले, काही महिन्यांत किंवा एक-दोन वर्षांत दगावत. दुसऱ्यात इन्शुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि पेशी हळूहळू थकतात. टिळक पन्नाशीनंतर या आजारासह बारा वर्षे जगले, त्याअर्थी त्यांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असावा, असा अंदाज करता येतो.

मंडालेचा सातू

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. नंतर शिक्षेचे स्वरूप साध्या कैदेचे झाले आणि साबरमतीहून त्यांना ब्रह्मदेशातल्या मंडालेला नेण्यात आले. तिथे असह्य उकाडा, लाकडी कोठडी आणि घरच्यांशी मोजकी पत्रे. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमीही त्यांना तिथेच मिळाली.

औषध नव्हते, त्यामुळे हाताशी उरले होते फक्त ताट. भात आणि गहू कमी करून त्यांनी सातूच्या, म्हणजे जवाच्या पिठाचा आधार घेतला. कोकणात जन्मलेल्या माणसाला भात सोडणे म्हणजे काय, हे सांगायला नको. सातूतला एक विद्राव्य तंतू आतड्यात चिकट लगद्यासारखा होतो. अन्नातली साखर रक्तात सावकाश उतरते आणि थकलेल्या बीटा पेशींना एकदम धावपळ करावी लागत नाही. हे स्पष्टीकरण तेव्हा कोणाकडे नव्हते, पण पिष्टमय पदार्थ कमी केले की लघवीतली साखर घटते हे वैद्यकाला माहीत होते. तपासायचे तेही लघवीतच. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती पूर्ण परत शोषता येत नाही. म्हणजे लघवीत साखर दिसेपर्यंत ती रक्तात बरीच चढलेली असे. आजचे यंत्र १३० आणि १६० मधला फरक दाखवते. त्या पद्धतीत दोन्ही सारखेच, निरोगी.

हे पथ्य चालू असतानाच १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. जून १९१४ मध्ये ते सुटले. त्यानंतर होमरूल लीग, लखनौ आणि चिरोलवरच्या दाव्यासाठी वर्षाहून अधिक काळ लंडन. साठी ओलांडलेल्या मधुमेही माणसाची ही दगदग पाहिली, की पथ्याने त्यांना किती वेळ मिळवून दिला हे कळते. पण पथ्य आजार मागे ढकलते, संपलेल्या बीटा पेशी परत आणत नाही.

सरदारगृह, जुलै १९२०

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात त्यांना ताप आला, पुढे न्यूमोनिया झाला. मधुमेहात जंतुसंसर्ग दुहेरी मार करतो. तापात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन यांसारखी संप्रेरके यकृताला साखर सोडायला लावतात आणि इन्शुलिनचा प्रभाव आणखी कमी करतात. चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद घटते. आज अशा रुग्णाला रुग्णालयात न्यूमोनियासाठी अँटिबायोटिक आणि साखरेसाठी इन्शुलिन मिळते. टिळकांच्या डॉक्टरांकडे यातले काहीच नव्हते. १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्रीनंतर त्यांचे निधन झाले.

पुढच्याच उन्हाळ्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून अर्क काढू लागले. जानेवारी १९२२ मध्ये तो चौदा वर्षांच्या एका मुलाला टोचण्यात आला. टिळकांना जाऊन तेव्हा सतरा महिने झाले होते.