सूज म्हणजे शरीराची लढाई, हे ओळखणारे मेचनिकॉफ

पायात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, ठसठसते. ही सूज म्हणजेच दुखणं, असा एके काळी डॉक्टरांचाही समज होता. तो खोडून काढला एली मेचनिकॉफ यांनी.

१८४५ साली आजच्या युक्रेनमधल्या खार्किवजवळ त्यांचा जन्म झाला. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हे. पहिली पत्नी ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयाने गेली. त्या धक्क्याने त्यांनी स्वतःचा जीव द्यायचा प्रयत्न केला, पण वाचले. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने मरता मरता वाचली. जंतूंनी घरात काय केलं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

१८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या! तारामाशाला आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे या पेशी आपणहून धावून आल्या होत्या. त्यांना भक्षक पेशी हे नाव मिळालं.

अनेक डॉक्टरांना हे पटलं नाही. पांढऱ्या पेशी उलट जंतू अंगभर पसरवतात, असं ते मानत. मेचनिकॉफ मागे हटले नाहीत. १८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

पेशी एकमेकींना हाक कशी देतात, हे मात्र त्यांच्यानंतर कळलं. जंतूच्या आवरणाचा अंश ओळखला की भक्षक पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतात. त्यांनी रक्तवाहिन्या सैल होतात, सूज येते, आणखी पांढऱ्या पेशी धावतात, ताप चढतो. हीच प्रथिनं आवाक्याबाहेर गेली की रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून जखमेनंतर ताप, धाप किंवा भ्रम दिसला तर घरी थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.

ओडेसातले त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. १८९८ मध्ये ती हुबळीतही हजारो लोकांना टोचली गेली.

जुलै १९१६ मध्ये मेचनिकॉफ पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत.